अत्यवस्थ रुग्णाची साखर किती असावी?

"डॉक्टरसाहेब, शुगर १७० आहे म्हणे. इन्शुलिन का देत नाही?" अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. साखर जितकी कमी तितकी बरी, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. अत्यवस्थ रुग्णाचा हिशेब मात्र वेगळा असतो.

मोठा अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा वेळी शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन ही संप्रेरके भराभर सोडते. यकृत रक्तात साखर ओतू लागते आणि इन्शुलिनचा जोर कमी पडतो. त्यामुळे आयुष्यात कधी मधुमेह नसलेल्याचीही साखर २०० च्या वर जाऊ शकते. ती तशीच सोडून चालत नाही. २०२१ साली कोरोनाच्या रुग्णांमध्ये स्टेरॉइडमुळे साखर भडकली आणि म्युकरमायकोसिसने कित्येकांचे डोळे, जबडे गेले, हे मराठवाडा विसरलेला नाही.

मग साखर एकदम ८० ते ११० वरच आणून ठेवली तर? बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे हेच करून पाहिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५४८ रुग्ण होते, बहुतेक हृदयशस्त्रक्रियेचे. अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले. जगभर इन्शुलिनचे पंप सुरू झाले. मात्र तिथल्या रुग्णांना सुरुवातीपासून शिरेवाटे भरपूर ग्लुकोज दिले जात होते, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

२००९ साली 'नाइस-शुगर' अभ्यासाचे निष्कर्ष आले. रुग्ण सहा हजारांवर. ज्यांची साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवायची होती, त्यांच्यापैकी ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले. १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांपैकी २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात अवघे अर्धा टक्का. शुद्धीवरचा माणूस घाम फुटला, हातपाय थरथरले म्हणून सांगतो. नळी घातलेला, गुंगीतला रुग्ण काय सांगणार? आणि साखरेवाचून मेंदूला इजा व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आता साखर १८० च्या वर राहू लागली की इन्शुलिन सुरू करतात आणि बहुतेक रुग्णांत ती १४० ते १८० दरम्यान ठेवतात. इन्शुलिन शिरेवाटे चालू असेल तर तासा-दोन तासांनी तपासणी करावीच लागते, "किती वेळा टोचता हो?" म्हणून सिस्टरवर रागावू नका. रक्तदाब फार घसरलेला असेल तर बोटाच्या थेंबावरचे यंत्र फसवू शकते, तेव्हा नळीतून रक्त घेतलेले बरे.

किनवटहून नांदेडला किंवा उदगीरहून लातूरला रुग्ण आणताना वाटेतच बराच वेळ जातो. सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतले आणि नंतर पोटात काहीच नाही, असे झाले असेल तर पोचताक्षणी सांगा. जुनी चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटे दाखवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. आणि रुग्ण दाखल झाल्यावर नळीवाटे चाललेले अन्न किंवा ग्लुकोजची बाटली संपलेली दिसली, तर तेवढ्यापुरते तरी संकोच न करता सिस्टरला हाक मारा, कारण इन्शुलिन मागे चालूच असते.