दुप्पट परतफेडीची पेढी

राजूर म्हटले की आधी पेढे आठवतात. मला मात्र या मुलखातली एक पेढी अधिक मोलाची वाटते. ती याच अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांच्या घरी आहे आणि तिथल्या ठेवी आहेत गावरान बियाण्यांच्या: वाल, घेवडे, भाताचे जुने वाण.

बी नेणाऱ्याला अट एकच. पीक आले की दुप्पट परत करायचे. एका हंगामात शंभर टक्के व्याज! बँकेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला हा दर सावकारी वाटावा. पण भाताचा एक दाणा शेकडो दाणे देतो, तिथे दोन परत करणे कुणाला जड? उलट संकरित बी दरसाल विकतच आणावे लागते. त्याचेच दाणे राखून पेरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही.

राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा त्यांना फवारलेल्या भाजीपाल्याचा संशय आला आणि त्या जुन्या बियाण्यांकडे वळल्या. पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ लाभली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. कोणता वेल बियाण्यासाठी राखावा, शेंग किती वाळू द्यावी, बी राखेत कसे घोळावे, हे त्या आता इतर बायकांना शिकवतात.

बी नुसते मडक्यात जपून भागत नाही. फार दिवस पडून राहिले की त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून परत आलेले बी पुढच्या पावसाआधी दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडावे लागते.