‘पब्लिक’ म्हणजे कोण?

इंग्रजीतील काही शब्द आपल्या बोलीत इतके मुरले आहेत, की त्यांच्यासाठी शब्दकोश उघडावा असे कुणाला वाटतच नाही. ‘पब्लिक’ हा त्यांपैकी एक. पोलादपूरच्या एसटी स्थानकावर ‘आज पब्लिक फार आहे’ असे कुणी म्हणाले, की गर्दी आहे हे आपण ओळखतो. नाटकाला ‘पब्लिक’ नव्हती म्हणजे प्रेक्षक नव्हते. गंमत अशी, की बोलणारा स्वतःला त्या ‘पब्लिक’मध्ये सहसा धरीत नाही!

मूळ लॅटिन शब्द ‘पब्लिकस’, म्हणजे लोकांचा. ‘रिपब्लिक’ त्याच कुळातला. इंग्लंडात ‘पब्लिक हाउस’ म्हणजे मद्यगृह. ‘पब’ हे त्याचेच लघुरूप. तेथील ‘पब्लिक स्कूल’ मात्र भरमसाट शुल्काची खासगी शाळा असते. गावाची किंवा धंद्याची अट न घालता शुल्क भरणाऱ्या कुणालाही ती खुली, म्हणून ‘पब्लिक’. अमेरिकेत त्याच नावाची शाळा सरकारी खर्चाने चालते व मोफत असते.

मराठीने या एका शब्दासाठी निरनिराळे शब्द योजले. ‘पब्लिक वर्क्स’चे सार्वजनिक बांधकाम झाले, ‘पब्लिक सर्व्हिस कमिशन’चा लोकसेवा आयोग, ‘पब्लिक इंटरेस्ट’चे जनहित, तर ‘पब्लिक प्रॉसिक्यूटर’ सरकारी वकील झाला. यांत ‘सार्वजनिक’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात ‘सर्व’ आहे. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सभेने तोच आपल्या नावात घेतला होता.

पण या ‘सर्व’मध्ये कोण कोण येते? हा प्रश्न आपल्या महाडात प्रत्यक्ष उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. ते कागदावरच. गुराढोरांना मोकळे असलेले पाणी अस्पृश्यांना मात्र बंदच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तेथे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

पुढे काही सवर्ण रहिवासी न्यायालयात गेले. तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, असा त्यांचा दावा. म्हणजे भांडण पाण्याचे होते, तसेच ‘पब्लिक’ या शब्दाच्या अर्थाचेही होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. कायदेमंडळाच्या ठरावापासून तोवर जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नुसते ‘सार्वजनिक’ म्हणून भागत नाही, प्रत्येक जागेचे नाव घ्यावे लागते, हा महाडचा धडाच तेथे दिसतो असे मला वाटते.

म्हणून मित्रहो, एखाद्या फलकावर ‘सार्वजनिक’ हा शब्द दिसला, तर तेथे कोण येते याबरोबरच कोण येत नाही, हेही पाहावे.