पलटण कुठली आणि माणसं कुठली?

दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि ७. गावात लोक ‘दौंडची एसआरपी’ म्हणतात, पण तिथले सगळे जवान दौंडचे असतील असं कुणी समजत नाही. भरतीला राज्यभरातून मुलं येतात. कुणी बीडचा असतो, कुणी जळगावचा. तळ दौंडला आणि घर भलतीकडे. एसआरपीबद्दल ही गोष्ट आपल्याला सांगावी लागत नाही. जुन्या फौजांबद्दल बोलताना मात्र आपण ती हमखास विसरतो.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ: एखाद्या पलटणीत नेमकी कुठली माणसं होती, हे शोधायचं कसं? आधी आपल्या शिरूरचं उदाहरण बघू, मग दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फौजेचं.

शिरूरहून निघालेली तुकडी

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे ८०० जणांची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव भीमाला तिची गाठ पेशव्यांच्या फौजेशी पडली. ती लढाई सगळ्यांना माहीत आहे. आपण फक्त त्या ८०० जणांकडे बघू.

त्यातले सुमारे ५०० जण बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे शिपाई होते. सोबत दोन तोफा होत्या, आणि त्यांच्यावरचे गोलंदाज मद्रासच्या तोफखान्याचे. उरलेले पूना ऑक्झिलरी हॉर्सचे घोडेस्वार. म्हणजे एकाच तुकडीत माणसं तीन वेगवेगळ्या वाटांनी आली होती. समोरही तसंच होतं: पेशव्यांच्या बाजूने जे पायदळ लढलं, त्यात अरब आणि गोसावीही होते. ‘शिरूरची तुकडी’ किंवा ‘पुण्याची फौज’ यावरून माणसाचं मूळ कळत नाही.

मग कळतं कशावरून? एक साधन म्हणजे नावं.

४९ नावं, २२ ‘नाक’

पेरणे इथल्या जयस्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावं कोरलेली आहेत. त्यातली २२ नावं ‘नाक’ने संपतात. त्या काळी महार पुरुषांच्या नावाला ‘नाक’ लागायचं, त्यामुळे ही नावं लगेच ओळखता येतात. उरलेल्या २७ मध्ये अभ्यासकांना मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायल नावं दिसतात.

२२ भागिले ४९, म्हणजे जवळपास ४५ टक्के. लगेच म्हणावंसं वाटतं की तुकडीत ४५ टक्के महार होते. माझं मूळ शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे मला इथे जरा थांबावंसं वाटतं. मेलेल्यांची यादी म्हणजे सगळ्यांची हजेरी नव्हे, तो एक नमुना आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. गोळी सगळ्यांना सारख्याच शक्यतेने लागली असं धरलं, तरी ४९ शितांवरून आपल्याला एक नेमका आकडा मिळत नाही, एक पट्टा मिळतो. नेहमीच्या सूत्राने तो साधारण ३१ ते ५९ टक्के येतो. शिवाय प्रत्यक्षात गोळी सगळ्यांना सारखी लागत नाही. तोफेपाशी उभा असलेला आणि भिंतीच्या आड बसलेला यांच्या धोक्यात फरक असतो.

एवढी काळजी घेऊनही दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. महार शिपायांचा वाटा मोठा होता, तो ‘चार-दोन माणसं होती’ म्हणून उडवून लावता येत नाही. आणि तुकडीतले सगळे एकाच जातीचे होते असंही म्हणता येत नाही. दोन्ही टोकांचे दावे त्या दगडापुढेच टिकत नाहीत.

एक गोष्ट मात्र दगड सांगत नाही. ‘नाक’वरून जात कळते, गाव कळत नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातून बरीच भरती व्हायची. स्तंभावरचा एखादा शिपाई देशावरचा की कोकणातला, हे नुसत्या नावावरून ठरवता येणार नाही.

जिथे गाव कळतं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीत गाव शोधणं सोपं जातं, कारण भरतीच प्रदेशावर बांधलेली होती. युद्धाच्या तोंडावर देशाचे १५ लष्करी विभाग होते. जर्मन भाषेत त्यांना ‘वेअरक्राइस’ म्हणत. प्रत्येक डिव्हिजनला एक विभाग ठरलेला. जवान तिथलेच, शिक्षण तिथेच, आणि जखमी माणूस बरा झाला की शक्यतो त्याच विभागातल्या राखीव तुकडीतून परत आपल्या डिव्हिजनकडे.

याला महत्त्व का? कारण जर्मन सैनिक हरत असतानाही शेवटपर्यंत का लढले, हा मोठा वाद आहे. १९४८ मध्ये शिल्स आणि जॅनोविट्झ या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी म्हटलं, की छोट्या गटातल्या सोबत्यांच्या निष्ठेने ते टिकले. ओमर बार्टोव्ह या इतिहासकाराने त्यावर बोट ठेवलं: पूर्व आघाडीवर एवढी माणसं मेली की जुने गट उरलेच नाहीत, मग नाझी विचार आणि कठोर शिस्त यांनाच जास्त वजन द्यायला हवं.

दोन्ही बाजू एका साध्या प्रश्नावर अडतात: मेलेल्याच्या जागी आलेला माणूस कुठला होता? क्रिस्टोफ रास याने एकच डिव्हिजन घेतली, २५३ वी पायदळ डिव्हिजन, मुळात ऱ्हाइनलँड-वेस्टफालियाची. तिच्या सैनिकांच्या वैयक्तिक नोंदींचा मोठा नमुना त्याने तपासला. एवढ्या हानीनंतरही डिव्हिजनचा प्रादेशिक चेहरा बराच टिकून होता, असं त्याला दिसलं. म्हणून ते सैनिक नुसते भोळे गाववाले ठरत नाहीत. युद्धगुन्ह्यांचा हिशोबही त्याच अभ्यासात आहे. सोबत्यांवरची माया आणि नाझी राजवटीची चाकरी एकाच माणसात नांदू शकते.

तिथेही नाव फसवतंच. १९४१ पासून जर्मनीने पोलंडच्या बळकावलेल्या भागातल्या अनेकांना ‘जर्मन लोकयादी’त घातलं आणि त्यातल्या तरुणांना फौजेत ओढलं. कागदावर जर्मन, घरात पोलिश.

यादीतलं शून्य

आता आपल्याकडे परत येऊ. यादीत एखादा समाज दिसत नसेल तर त्याचा अर्थ काय लावायचा?

१८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. तेव्हा ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत जोरात होता, शीख, गुरखा, पठाण जन्मजात लढवय्ये आणि बाकीचे नाहीत, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. त्यानंतरच्या याद्या तुम्ही चाळल्या तर महार नावं जवळजवळ दिसणारच नाहीत. ते शून्य शौर्याचं माप नव्हे. भरतीचं दार कुणी बंद केलं, त्याची ती नोंद आहे.

दाराबाहेरचे लोक गप्प बसले नव्हते. स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती थेट १९४१ मध्ये, पुन्हा एका महायुद्धात. गरज पडली की दार उघडायचं, भागली की लावायचं.

म्हणून सैनिकांची कुठलीही यादी हातात आली की मी तीन गोष्टी विचारते. ही यादी नेमकी कुणाची आहे, हजर असलेल्यांची की मेलेल्यांची? नावावरून जात, गाव, भाषा यातलं काय कळतं आणि काय नाही? आणि यादीत येण्याची मुभा कुणाला होती? तिसरा प्रश्न राहिला, तर सरकारने केलेली निवड आपण त्या समाजाचा गुण किंवा दोष समजून बसतो. ज्यांना नंतर ‘लढाऊ नाहीत’ म्हणून नाकारलं, त्यांची २२ नावं त्याच सरकारने आधी पेरण्याच्या दगडावर स्वतःच कोरून ठेवली होती.