विश्लेषण : वाडा आपला, मग दुरुस्तीची परवानगी कुणाची? जुन्या घरांना वारसा नियम नेमके कुठे अडवतात?

पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या पेठा असोत, मुंबईतील खोताची वाडी असो किंवा कोल्हापूरजवळचा पन्हाळा असो, जुन्या घरात राहणाऱ्यांची तक्रार सारखीच असते. घर गळते, भिंत फुगते, जिना हलतो. पण हात लावायचा म्हटले की कुणीतरी ‘हेरिटेज’चे नाव घेते. त्यामुळे काही जण घाबरून दुरुस्तीच करत नाहीत, तर काही जण परवानगीशिवाय वाडा पाडून मोकळे होतात. दोन्ही मार्ग महागात पडू शकतात. प्रत्यक्षात हे नियम दुरुस्तीला सरसकट बंदी करत नाहीत. त्यांचा खरा अडसर असतो तो पाडून नव्याने बांधण्याला.

कोणत्या घराला कोणता नियम?

‘हेरिटेज’ या एका शब्दामागे वेगवेगळे कायदे आहेत. पहिला केंद्राचा, १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा. देशात साडेतीन हजारांहून अधिक आणि महाराष्ट्रात २८० हून अधिक स्मारके या कायद्याखाली केंद्र संरक्षित आहेत. तुमचे घर वारसा नसले तरी ते अशा स्मारकाच्या जवळ असेल तर हा कायदा लागू होतो.

दुसरा प्रकार महापालिकेच्या वारसा यादीचा. येथे तुमचे घर किंवा तुमची संपूर्ण वस्तीच यादीत असते. तिसरा, राज्य संरक्षित स्मारकांसाठीचा १९६० चा राज्याचा कायदा. एखाद्या घराला एकाच वेळी दोन नियमही लागू होऊ शकतात. म्हणून आपले घर यादीत आहे का आणि जवळ संरक्षित स्मारक आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. पालिकेने ‘यादीत नाही’ असे सांगितले म्हणजे केंद्राच्या कायद्यातून सुटका झाली, असे होत नाही.

शंभर आणि दोनशे मीटरचे गणित काय?

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग ‘प्रतिबंधित क्षेत्र’, तर त्यापुढील २०० मीटरचा भाग ‘विनियमित क्षेत्र’ मानला जातो. म्हणजे एकूण ३०० मीटरचा पट्टा. हे अंतर स्मारकाच्या मुख्य इमारतीपासून नव्हे, तर संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजतात. त्यामुळे घुमटापासून किंवा दरवाजापासून दूर वाटणारे घरही शंभर मीटरच्या आत निघू शकते.

ही आखणी मुळात १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने झाली. त्यानंतरही तज्ज्ञ समितीच्या शिफारशीने शंभर मीटरच्या आत अपवाद म्हणून बांधकामांना परवानग्या मिळत होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. पाठोपाठ २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, शंभर मीटरची मर्यादा थेट कायद्यात आली आणि परवानग्यांची छाननी करण्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाचे दार बंद आहे. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांत फरक काय?

घरमालकासाठी संपूर्ण कायद्यात सर्वांत महत्त्वाचे असे तीन शब्द आहेत.

बांधकाम : नवी इमारत उभी करणे किंवा असलेल्या इमारतीला आडवी वा उभी वाढ देणे. जुन्या वाड्यावर एक मजला चढवणे किंवा मागच्या अंगणात खोली काढणे हे बांधकामच.

पुनर्बांधणी : जुनी इमारत होती त्याच लांबी-रुंदीत आणि त्याच उंचीत पुन्हा उभारणे.

दुरुस्ती व नूतनीकरण : उभ्या असलेल्या इमारतीत फेरफार करणे. यात वरच्या दोन्ही गोष्टी येत नाहीत.

विनियमित क्षेत्रात, म्हणजे शंभर मीटरच्या पुढे, या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र फक्त तिसऱ्यासाठी. तेही ती इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेली असेल तरच.

याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. समजा, स्मारकापासून ऐंशी मीटरवर एक दुमजली वाडा आहे. तो उभा आहे तोवर मालकाला त्याच्या दुरुस्तीची परवानगी मागण्याचा हक्क आहे. तोच वाडा पाडला की मागे फक्त रिकामी जागा उरते आणि त्या जागेवर ‘आहे तेवढेच पुन्हा बांधतो’ म्हटले तरी कायद्याच्या शब्दांत ती पुनर्बांधणी ठरते. ‘आधी पाडू, मग परवानगीचे बघू’ असा सल्ला देणारे ठेकेदार कमी नाहीत. शंभर मीटरच्या आतील मालकासाठी हा सल्ला घर कायमचे घालवणारा ठरू शकतो.

पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर?

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येतात. पुण्यासारख्या शहरांत त्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली निघतात. नोटीस हाती पडली की बहुतेकांचा समज होतो, आता वाडा पाडावाच लागणार. पण हे कलम केवळ पाडण्याबद्दल बोलत नाही. इमारत पाडणे, सुरक्षित करणे, हलवणे किंवा दुरुस्त करणे, यांपैकी काहीही करण्यास आयुक्त सांगू शकतात.

म्हणून नोटीस नीट वाचावी. पाडण्याचा आदेश असेल आणि वाडा वाचण्याजोगा असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिट करून ‘टेकू देऊन दुरुस्ती शक्य आहे’ असा अभियंत्याचा लेखी अहवाल पालिकेकडे तातडीने द्यावा. घर स्मारकाजवळ असल्याची बाबही त्याच पत्रात लिहावी. पालिकेचा इमारत विभाग आणि पुरातत्त्व खाते ही दोन वेगळी कार्यालये आहेत. एकाच्या नोटिशीने दुसऱ्याची परवानगी आपोआप मिळत नाही. अर्थात, इमारत खरोखरच कोसळण्याच्या अवस्थेत असेल तर आधी माणसे बाहेर काढावीत. त्यात तडजोड नाही.

भाडेकरू असतील तर?

वाड्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकट्या मालकाचा नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. जिथे महिन्याचे भाडे काहीशे रुपयेच आहे, तिथे एवढ्या रकमेत चार कौलेही बदलत नाहीत.

त्यामुळे मालक म्हणतो, या भाड्यात दुरुस्ती कशी करू. भाडेकरू म्हणतो, घर सोडले तर परत मिळेल याची खात्री काय? पुनर्विकासात दोघांनाही काहीतरी मिळते, म्हणून सगळे त्याची वाट पाहतात. शंभर मीटरच्या आत मात्र ही वाट बघणे व्यर्थ आहे, कारण तिथे पुनर्विकासाला परवानगीच नाही. अशा वाड्यात खर्चाची वाटणी लेखी ठरवून एकत्रित दुरुस्ती करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

मुंबईतील श्रेणी पद्धत कशी आहे?

वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर. १९९५ मध्ये ही नियमावली आली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती पालिका आयुक्तांना सल्ला देऊ लागली. यादीतील इमारतींची दुरुस्ती, फेरफार, एवढेच नव्हे तर रंगकामही पूर्वपरवानगीच्या कक्षेत येते.

श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू असतात. तेथे बळकटीकरणासाठी अत्यावश्यक असेल तेवढाच हस्तक्षेप चालतो. श्रेणी २ अ मध्ये बाहेरचे रूप जपून आतील बदल छाननीनंतर करता येतात. श्रेणी २ ब मध्ये त्याशिवाय त्याच भूखंडावर मूळ वास्तूला साजेशी वाढही विचारात घेतली जाते. श्रेणी ३ मध्ये आतील व बाहेरील बदलांना बरीच मोकळीक असते. त्यामुळे ‘माझे घर हेरिटेज आहे’ एवढे कळून भागत नाही. श्रेणी कोणती, हे कळायला हवे.

काही वेळा एकेक इमारत नव्हे, तर संपूर्ण परिसर यादीत असतो. २०१२ मध्ये मुंबईच्या प्रस्तावित यादीत दादरच्या शिवाजी पार्कसारख्या वस्त्या आल्या, तेव्हा अनेक रहिवाशांनी हरकती घेतल्या. मोडकळीस आलेल्या इमारतींचा पुनर्विकास थांबेल, ही त्यांची भीती होती. जाणकारांना जे परिसराचे सौंदर्य वाटते, तेच रहिवाशाला लिफ्ट नसलेला तिसरा मजला वाटू शकते, हे त्या वादातून स्पष्ट झाले.

मालकाला मोबदला मिळतो का?

मुंबईच्या नियमांत त्याची सोय आहे. वारसा नियमांमुळे मालकाला अनुज्ञेय चटईक्षेत्र वापरता आले नाही, तर त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर मिळू शकतो. तो विकून आलेल्या पैशातून वास्तूची डागडुजी व्हावी, ही त्यामागील कल्पना. केंद्राच्या कायद्यात मात्र शंभर मीटरच्या आतील घरमालकासाठी टीडीआरसारखी ठरलेली योजना नाही. एकाच राज्यात दोन मालकांना मिळणाऱ्या वागणुकीतील हा फरक वादाच्या मुळाशी आहे.

जागतिक वारसा यादीमुळे बंधने वाढतात का?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले. त्यांतील पन्हाळ्यावर आजही नांदते गाव आहे. नामांकनाच्या काळात तेथील रहिवाशांनी घरे आणि व्यवसायांवर बंधने येतील, अशी चिंता व्यक्त केली होती. मुंबईत ओव्हल मैदान आणि मरिन ड्राइव्ह परिसरातील आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये या यादीत आल्या. त्यांतील अनेक आजही राहती घरे आहेत.

युनेस्कोचे मानांकन स्वतः कोणाची परवानगी देत नाही की अडवत नाही. बंधन येते ते देशातील कायद्यातून. पन्हाळा केंद्र संरक्षित असल्याने शंभर-दोनशे मीटरचा नियम तिथे आधीपासूनच होता. मानांकनानंतर फरक पडतो तो देखरेखीत : पूर्वी डोळेझाक झालेल्या बदलांकडे आता लक्ष जाते.

परवानगी कशी आणि किती दिवसांत?

केंद्राच्या कायद्याखालील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचे आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय कळवायचा, असे कायदा सांगतो. म्हणजे कागदोपत्रीच साडेतीन महिने. पावसाळ्यापूर्वी काम संपवायचे असेल तर अर्ज दसऱ्याच्या आसपास गेलेला बरा. मे महिन्यात धावपळ करून उपयोग होत नाही.

कागदपत्रांत सर्वांत मोलाचा असतो तो घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा : मालमत्ता पत्रक, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, मंजूर नकाशा, जुनी वीजबिले. त्यासोबत घराच्या सर्व बाजूंची आजची छायाचित्रे आणि सध्याची लांबी, रुंदी, उंची दाखवणारा नकाशा जोडावा. काम सुरू झाल्यावर ‘उंची वाढवली’ असा आक्षेप आला, तर हेच कागद कामी येतात. महापालिकेची परवानगी याशिवाय वेगळी घ्यावी लागते.

दुरुस्ती करताना काय सांभाळावे?

वीट, चुना, माती आणि सागवानी लाकूड यांत बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भिंत फुगते आणि तिच्यात रुतलेले खांब कुजू लागतात. म्हणून अशा भिंतीला चुन्याचा गिलावा योग्य. तुळईचे टोक कुजले असेल तर बहुतेकदा तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधता येते; संपूर्ण छत उतरवावे लागत नाही. आधी गळती आणि सांडपाण्याची वाट दुरुस्त करावी, भिंती आणि रंग नंतर. अशी टप्प्याटप्प्याची दुरुस्ती वास्तूसाठी चांगली असतेच, शिवाय कायद्याच्या व्याख्येतही ती ‘दुरुस्ती’च राहते.

पुढे काय?

विनियमित क्षेत्रात किती उंची चालेल, दर्शनी भाग कसा असावा, हे प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करून ठरवावे, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. अनेक स्मारकांचे उपविधी अजून अंतिम झालेले नाहीत. ते झाले तर शंभर मीटरपुढील मालकाला निदान आपल्या जागेवर काय चालेल, हे आधीच कळेल. शंभर मीटरच्या आतील मालकाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. स्मारकाचा परिसर सगळ्यांसाठी जपायचा, तर त्याचा खर्च त्या परिसरातील मोजक्या कुटुंबांनीच का सोसायचा, याचे उत्तर सध्याच्या कायद्यात सापडत नाही. ते मिळेपर्यंत या कुटुंबांच्या हाती एकच भक्कम आधार आहे : त्यांचे उभे असलेले घर. ते पडू न देणे, हाच आज त्यांचा हक्क टिकवण्याचा मार्ग आहे.