गहुंजे ते येरवडा

१ नोव्हेंबर २००७. दिवाळी आठवड्यावर आली होती. हिंजवडीतल्या एका बीपीओत रात्रपाळीला निघालेली बावीस वर्षांची तरुणी कंपनीच्या ठेक्यावरच्या कॅबमध्ये बसली. गाडीत चालक होता, शिवाय चालकाचा एक मित्र. ती बंगळुरूतल्या एका परिचिताशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिने चालकाला विचारलं, गाडी कुठे नेतोयस, इथे जंगलात कशाला आणलीस? पलीकडच्याने ते ऐकलं आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी गहुंज्याच्या शिवारात तिचा मृतदेह सापडला. बलात्कार करून खून केला होता.

त्याच रात्री त्याच कॅबने आणखी एका कर्मचाऱ्याला घ्यायचं होतं. चालक बऱ्याच उशिरा त्याच्याकडे पोहोचला, टायर पंक्चर झाला होता म्हणाला आणि त्याला घेऊन कामावर आला. खटल्यातला हा तपशील मला फाशीविषयीच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त सांगून जातो. त्या रात्री ती कोणाच्या गाडीत बसणार, हे कंपनीच्या नोंदीत होतं. गाडीचा नंबर होता, चालकाचं नाव होतं. संशय दुसऱ्या कुणावर जाणं शक्यच नव्हतं. तरीही या माणसाचा सगळा हिशेब ‘पंक्चर’पाशी थांबला. तेवढ्या थापेवर निभावून जाईल असं त्याला वाटलं. येरवड्याचा फास तर दूरच, समोरची नोंदवहीसुद्धा त्याच्या डोक्यात आली नाही.

पुरुषोत्तम बोराटे आणि प्रदीप कोकडे या दोघांना लगोलग अटक झाली. मार्च २०१२मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. राज्यपालांनी दयेचा अर्ज मार्च २०१६मध्ये फेटाळला, राष्ट्रपतींनी मे २०१७मध्ये. आता उरला होता फक्त वॉरंटचा कागद. सत्र न्यायालयाने तारीख ठरवायची आणि तुरुंगाने ती अमलात आणायची. येरवडा कारागृह आणि शिवाजीनगरचं न्यायालय एकाच शहरात आहेत. तरी हा कागद निघायला जवळपास दोन वर्षं गेली. वॉरंट निघालं एप्रिल २०१९मध्ये आणि फाशीची तारीख पडली २४ जून २०१९.

ती फाशी झाली नाही. तारीख तोंडावर आलेली असताना उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि २९ जुलैला शिक्षा बदलून पस्तीस वर्षांचा कारावास केला. कारण एकच, अक्षम्य विलंब. मरणाची टांगती तलवार डोक्यावर ठेवून माणसाला वर्षानुवर्षं कोठडीत बसवणं ही घटनेच्या एकविसाव्या कलमाची पायमल्ली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालात सांगितलं होतं. महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं आणि हरलं. ९ डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला. शिवाय दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष उभारावा, असा आदेशही दिला. त्या मुलीच्या घरच्यांनी सतरा वर्षं वाट पाहिल्यावर त्यांच्या पदरी हे पडलं. कोणी म्हणेल, वकिलांनी खेळ केला. या प्रकरणात तसं म्हणायला जागा नाही. वेळ सरकारी टेबलांवरच गेला.

फाशीच्या धाकाबद्दल बोलायचं तर दुसरं प्रकरण शेजारचंच आहे. पहिल्याच्या खटल्याला अजून बराच पल्ला गाठायचा होता, तेव्हा ऑक्टोबर २००९मध्ये खराडीतून घरी निघालेल्या एका आयटी कर्मचारी महिलेला गाडीतून पळवण्यात आलं. सामूहिक बलात्कार करून तिचा खून झाला आणि मृतदेह खेड तालुक्यात जरेवाडीजवळ टाकला गेला. मुख्य आरोपी योगेश राऊत हा चालकच. दोन वर्षांपूर्वीचं गहुंज्याचं प्रकरण पुणे जिल्ह्यात कोणाच्या कानावर गेलं नव्हतं असं नाही. आयटी कंपन्यांसाठी गाडी चालवणाऱ्यांच्या तर नक्कीच गेलं असणार. २०११मध्ये हा राऊत ससून रुग्णालयातून पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला आणि २०१३च्या मे महिन्यात शिर्डीत सापडला. एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या तिघांना मे २०१७मध्ये फाशी सुनावली गेली. गुन्हा ते निकाल, साडेसात वर्षं. त्यातली पावणेदोन वर्षं मुख्य आरोपी फरार.

दोन प्रकरणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. फाशीला भिऊन ज्यांनी खून केला नाही त्यांची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही, असा बिनतोड वाटणारा मुद्दा फाशीचे समर्थक मांडतात. तो खोडायचा तर आकड्यांकडे जावं लागतं.

अमेरिकेत आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५मध्ये गणित मांडलं की एका फाशीमागे सात-आठ खून टळतात. खळबळ उडाली. इतरांनी तीच आकडेवारी घेऊन वर्षं थोडी मागेपुढे केली, तर परिणाम नाहीसा झाला. वाद चालूच राहिला. अखेर २०१२मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, डॅनियल नेगिन हे तिचे अध्यक्ष, तीन दशकांचं संशोधन तपासून सांगितलं की फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही ठरवायला हे अभ्यास उपयोगाचे नाहीत. हे वाचून फाशीविरोधकांनी पेढे वाटू नयेत. समितीने ‘धाक नसतो’ असं म्हटलेलं नाही, ‘असतो’ हे दाखवता आलेलं नाही, एवढंच म्हटलं आहे. मात्र माणसाचा जीव घेण्याचं समर्थन ज्याला करायचं आहे, पुरावा त्याने आणायचा असतो.

सिंगापूर आणि हाँगकाँगची तुलना मला त्यापेक्षा बोलकी वाटते. दाट वस्तीची, व्यापारी, चिनी बहुसंख्येची ही दोन शहरं. नव्वदच्या दशकात सिंगापूरने फाशांचा सपाटा लावला. हाँगकाँगने १९६६नंतर कोणाला फाशी दिली नाही आणि १९९३मध्ये ती कायद्यातूनच काढली. दोन्हीकडे खुनांचं प्रमाण जवळपास सारखंच खाली आलं. आपल्या देशातही असा प्रयोग नकळत होऊन गेला आहे. त्रावणकोर संस्थानाने १९४४मध्ये फाशी रद्द केली होती, पुढे ती परत आली. १९४५ ते ५० या फाशी नसलेल्या काळात तिथे ९६२ खून झाले आणि फाशी परतल्यानंतरच्या १९५० ते ५५मध्ये ९६७.

देशाचा आकडाही पाहावा. १९९२मध्ये लाखामागे ४.६ खून होत. २०२२मध्ये हा दर २.१ होता. मधल्या काळात, ऑगस्ट २००४मध्ये धनंजय चॅटर्जीची फाशी आणि नोव्हेंबर २०१२मध्ये येरवड्यात कसाबची, यांदरम्यान आठ वर्षं देशात एकही फाशी झाली नाही. खुनांचा दर वाढला नाही. मूळच्या सोलापूरच्या न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५मध्ये २६२वा अहवाल दिला. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त असतो याला आधार नाही आणि दहशतवाद व देशाविरुद्धचं युद्ध वगळता फाशी रद्द करावी, असं त्यात म्हटलं आहे. याच आयोगाने १९६७च्या ३५व्या अहवालात फाशी ठेवावी म्हटलं होतं. सरकारने जुना सल्ला मानला, नव्याला हात लावला नाही.

मुळात आपल्याकडे खून होतात कशावरून? २०२२मध्ये देशात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले. त्यातले ९,९६२ भांडणातून, ३,७६१ वैरातून, आणि फायद्यासाठी १,८८४. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या चाळींत एका खोलीत पाच-सहा जण राहतात, पाळ्या बदलतात, पगाराच्या रात्री बाटली फुटते आणि पैशावरून किंवा शिवीवरून हात उचलला जातो. एमआयडीसीत भंगाराचा आणि माथाडीचा ठेका कोणाचा, यावरून मुडदे पडतात. जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर भाऊबंदकी कोयत्यावर येते. आणि ‘भाई’ म्हणून मिरवायला मिसरूड न फुटलेली पोरं कोयते नाचवतात. त्यांना अल्पवयीन म्हणून फाशी देताच येत नाही. यातल्या कोणत्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी न्याय संहितेतलं खुनाचं कलम १०३ असतं? थंड डोक्याने योजना आखणारा असतो, नाही असं नाही. पण तो आधी विचार करतो तो सापडण्याचा. तो सापडणार नाही असं धरूनच निघतो, त्यामुळे सापडल्यावर काय होईल हा प्रश्न त्याला पडत नाही.

आणि तो फार चुकत नाही. खुनाच्या खटल्यात आपल्याकडे दोषसिद्धीचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. फाशीचं तर त्याहून विचित्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, खालच्या कोर्टात फाशी झालेल्यांपैकी जेमतेम ४.९ टक्क्यांची शिक्षा शेवटपर्यंत टिकली, आणि जवळपास ३० टक्के चक्क निर्दोष सुटले. अशा शिक्षेचा वचक बसावा तरी कसा?

पुण्याला फाशी नवी नाही. जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फासावर दिलं गेलं. त्या पिढीला अजून ती दहशत आठवते, आणि फाशी झाल्यावर सुटकेचा श्वास टाकल्याचंही आठवतं. त्या भावनेशी माझं भांडण नाही. ज्याने दहा जणांचा गळा आवळला त्याला जगण्याचा हक्क नाही, असं कोणाला वाटत असेल तर तो न्यायाचा मुद्दा आहे आणि त्यावर वाद त्याच पातळीवर व्हावा. धाकाचा शिक्का मारून तो पुढे सरकवला जातो, तिथे माझी हरकत आहे. त्या चौघांनंतर अकरा वर्षांनी, ऑगस्ट १९९४मध्ये, पुण्यातच राठी कुटुंबातल्या सात जणांचं हत्याकांड झालं. त्यातल्या फाशीच्या एका कैद्याबाबत मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या नोंदींवरून मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं त्याने तुरुंगात काढली होती. फाशीची फाइल झपाट्याने हलली असती तर?

हलकी नव्हे, वेगवान शिक्षा हवी, हे म्हणायला सोपं आहे, पण कायदा करताना भर पुन्हा फाशीवरच जातो. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१मध्ये ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं, त्यात बलात्काराच्या काही प्रकारांना फाशी होती. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून त्याचा कायदा झाला नाही. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवली, तर साक्षीदार मागे कशाला ठेवा, असा विचार करायला गुन्हेगाराला आपणच कारण देतो, ही शंका तेव्हा अनेक महिला संघटनांच्या मनात होती. मला ती रास्त वाटते.

गहुंज्यानंतर बदल झाला तो कंपन्यांच्या गेटवर. चालकाची पोलीस पडताळणी, गाडीला जीपीएस, रात्री बाई एकटी असेल तर गाडीत सुरक्षारक्षक, लास्ट ड्रॉप कधी बाईचा ठेवायचा नाही, घरी पोहोचल्याचा फोन. ट्रान्सपोर्ट डेस्कवरचा मुलगा रात्री दोन वाजता स्क्रीनवर गाडीचा ठिपका बघत बसतो. ठिपका मार्ग सोडून वळला की चालकाला फोन जातो. २००७च्या त्या गाडीवर असा डोळा असता, तर पंक्चरची थाप ठिपक्यापुढे टिकली नसती. आयटीच्या काचेच्या इमारतींत हे बऱ्यापैकी रुळलं. चाकणच्या लहान व्हेंडर कंपन्यांत, कंत्राटी बायका दुसरी पाळी संपवून शेअर रिक्षाने नाहीतर चालत घरी जातात, तिथे डेस्क नाही आणि ठिपकाही नाही. १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, चाकण-तळेगाव त्यात आले, पण एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवरचे दिवे आणि गस्त हा विषय अजून कामगारांच्या तक्रारीतच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा बोराटे प्रकरणातला निकाल ९ डिसेंबर २०२४चा. त्यानंतर सोळा दिवसांनी, २५ डिसेंबरला, राजगुरुनगरमध्ये दोन लहान बहिणींचा खून झाला. लोक रस्त्यावर उतरले, मागणी फाशीची. ती होणं स्वाभाविक होतं. त्या गर्दीतून आणखी काही प्रश्न विचारले गेले असते तर बरं झालं असतं: आरोपपत्र कोणत्या तारखेला दाखल होणार, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल कधी येणार, साक्षीदारांना समन्स कोण पोहोचवणार आणि त्यातल्या प्रत्येक कामाला नाव कोणाचं.