सेंट्रोमिअरचा अधिजनुकीय वारसा

पेशीविभाजनाच्या वेळी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती ज्या ठिकाणी तर्कुतंतूंना जोडल्या जाऊन विरुद्ध दिशांना ओढल्या जातात, त्या भागाला सेंट्रोमिअर म्हणतात. माणसात हा भाग बहुधा १७१ बेस-जोड्यांच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या आल्फा सॅटेलाइट डीएनएवर असतो. परंतु त्याचे स्थान केवळ डीएनएच्या क्रमाने ठरत नाही, कारण हा क्रम मुळीच नसलेल्या जागीही कार्यक्षम सेंट्रोमिअर तयार होऊन पिढ्यान्‌पिढ्या टिकल्याची उदाहरणे १९९३ पासून नोंदली गेली आहेत.

डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एच-३ या हिस्टोनची जागा सेंट्रोमिअरपाशी अनेक ठिकाणी सेन्प-ए हे विशेष प्रथिन घेते आणि तेच त्या जागेची ओळख ठरते. अनुक्रम न बदलता पुढे जाणाऱ्या अशा वारशाला अधिजनुकीय वारसा म्हणतात.

डीएनएची प्रत तयार होताना जुने सेन्प-ए दोन्ही प्रतींत वाटले जाते, त्यामुळे प्रत्येकीकडील त्याचे प्रमाण सुमारे निम्मे होते. ही तूट मानवी पेशींत लगेच नव्हे, तर विभाजन संपता संपता आणि त्यानंतरच्या वाढीच्या टप्प्याच्या आरंभी भरून निघते: मिस-१८ हा प्रथिनसंच जुन्या सेन्प-एच्या जागी पोहोचतो आणि एचजर्प हे वाहक प्रथिन तेथे नवे सेन्प-ए बसवते. हे काम अवेळी होऊ नये म्हणून सीडीके विकरे त्यावर नियंत्रण ठेवतात. ही व्यवस्था ढासळल्यास गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि कर्करोगाच्या पेशींत आढळणारी गुणसूत्रसंख्येची विषमता उद्भवू शकते.