लिफ्ट नंतर, टायर आधी!

गाडीची पूजा झाली. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलात. बॉनेटवरचा गुलाल अजून पुरता निघालेला नाही, आणि आठवड्याच्या आत मित्रांचा पहिला प्रश्न येतो, ‘भावा, लिफ्ट कधी करतोयस?’ दुसरा म्हणतो, टायर जरा बारीक दिसतात. तिसऱ्याच्या मोबाइलवर दगडांवर चढणाऱ्या, चिखल उडवणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तयारच असतात. थार असो, जिम्नी असो की गुरखा, आपल्याकडं गाडी घेतली की ती कंपनीतनं आली तशीच ठेवणं म्हणजे जरा कमीपणाच!

नाद करायला हरकत नाही. पण हा नाद हजारात नाही, लाखात जातो. शिवाय बहुतेकांच्या घरात हीच एकमेव चारचाकी असते. रविवारी तिला घाटात न्यायचं असतं आणि सोमवारी त्याच गाडीतनं आज्जीला दवाखान्यात न्यायचं असतं. हप्ता पाच-सात वर्षांचा आहे. तेव्हा गॅरेजला गाडी लावायच्या आधी दहा मिनिटं हे वाचा.

आधी ठरवा, जाणार कुठं?

कोल्हापूर जिल्हा म्हणजे दोन वेगळ्या जमिनी. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडं काळी माती. पाऊस पडला की ती टायरच्या खाचांत असा गोळा होऊन बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. त्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडं जांभा दगड, तांबडी माती आणि धो धो पाऊस. तिथं धारदार दगड टायरच्या बाजूच्या भिंतीला कापतो, तर शेवाळ धरलेल्या कातळावर चाक नुसतं फिरत राहतं.

तुमची गाडी वर्षातले किती दिवस अशा वाटेवर असणार, ते प्रामाणिकपणे मोजा. बहुतेकांच्या बाबतीत शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावरचेच असतात, कॉलेज, ऑफिस, फार तर पुण्याचा हायवे. उरलेल्या दहासाठी नव्वदांचा जीव घ्यायचा का, हा खरा प्रश्न आहे.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या आजोबांच्या काळापासून वडापच्या जीपा आणि ट्रॅक्स गावोगावच्या कच्च्या वाटांवर माणसं भरभरून धावल्या, त्या काही रुंद टायरवर नाही. चिखलाखाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोहोचतो आणि पकड घेतो. रुंद टायर मऊ वाळूवर, दलदलीवर तरंगायला बरा. म्हणजे ‘जेवढा रुंद तेवढा भारी’ हे अर्धंच खरं!

टायरवरचे आकडे वाचायला शिका

२०२० मध्ये आलेल्या तीन दारी थारला कंपनीनं व्हेरिअंटनुसार दोन मापांचे टायर दिले, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात.

आता हिशोब करू. २४५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १८४ मिलिमीटर भिंत. अशा दोन भिंती आणि मधे १६ इंची, म्हणजे ४०६ मिलिमीटरची रिम. एकूण उंची सुमारे ७७४ मिलिमीटर. हाच हिशोब १८ इंचीला लावला तर भिंत १६६ मिलिमीटर आणि एकूण उंची सुमारे ७८९. म्हणजे टायरच्या एकूण उंचीत फरक फक्त १५ मिलिमीटरचा. पण छोट्या रिमवर रबराची भिंत जास्त जाड. दगडावर चाक आपटलं की मार ही भिंत खाते, रिम नाही. म्हणून खऱ्या ऑफ-रोडवाल्याला छोटी रिम आणि जाड भिंत हवी असते. वीस इंची चकचकीत अलॉय घालणं म्हणजे रंकाळ्यावर फेरी मारायला ठीक, जांभ्यावर मात्र उलट्या दिशेचा प्रवास!

आता जिम्नी घ्या. तिचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची ६९३ मिलिमीटर. त्याच रिमच्या मापात २१५/७५ घातला तर उंची ७०३ च्या पुढं जाते. २३५/७५ घातला तर ७३३ च्या पुढं. या शेवटच्या टायरनं व्यास ४० मिलिमीटरनं वाढतो, पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, म्हणजे २० मिलिमीटरनं वाढते. दोन बोटांची उंची!

त्या दोन बोटांसाठी काय मोजावं लागतं ते बघा. टायरचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो. मूळ मीटर अचूक आहे असं धरलं, तर काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८५ च्या आसपास धावत असते. गिअर ‘लांब’ होतात, त्यामुळं घाट चढताना जिथं तिसरा चालायचा तिथं दुसरा टाकावा लागतो. टायर जड असतो, म्हणून ब्रेकवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं, मायलेज उतरतं. वळवताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो तो वेगळाच. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी जड झाली की दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागतात.

एचटी, एटी की एमटी?

दुकानात हे तीन शब्द ऐकायला मिळतील. एचटी हायवेसाठी, शांत आणि गुळगुळीत. एमटी चिखलासाठी, मोठमोठे ठोकळे आणि रुंद खाचा. शेतात राजा, पण डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना एटीपेक्षा लांब घसरू शकतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो, हे विसरू नका. एटी म्हणजे दोन्हीकडचा. पहिल्या गाडीला, रोजच्या वापराला हाच.

घेताना भिंतीवर टायरची जन्मतारीख बघा. चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळतो म्हणून चार-पाच वर्षं गोदामात पडलेला टायर घरी आणू नका. वजन पेलण्याचा आणि वेगाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि टायर चार नाही, पाच घ्या. स्टेपनी लहान आणि बाकीचे मोठे असं झालं आणि तशीच गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली, तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबानं फिरतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर जातो. त्याचं बिल टायरपेक्षा मोठं असतं.

रिम बदलायचीच असेल तर

नटांची भोकं जुळली म्हणजे रिम बसली, असं नाही. मधलं भोक हबवर नेमकं बसलं पाहिजे, वजन पेलण्याची क्षमता पुरेशी पाहिजे आणि ‘ऑफसेट’ मूळच्या जवळ पाहिजे. ऑफसेट चुकला की चाक बाहेर येतं. दिसायला रांगडं दिसतं. पण व्हील बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल थेट आरशापर्यंत उडतो.

उद्यमनगरात लेथवर काय बनत नाही? कोल्हापूरची कारागिरी सगळ्या देशात चालते. म्हणून कुणीतरी सुचवतंच, ‘ॲल्युमिनियमचा स्पेसर टर्न करून घेऊ, निम्म्यात काम.’ मोह आवरा. कुठला धातू, कसलं उष्णतेचं काम केलंय, किती भार तपासलाय, हे ठाऊक नसलेला तुकडा चाक आणि हबच्या मधे घालून तुम्ही घाट उतरणार आहात.

लिफ्टनं नेमकं काय उचललं जातं?

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. जिम्नीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही आणि थारची मागची ॲक्सल अखंड आहे. तिच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा चाकांबरोबरच राहतो. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते. तो गोळा होता तिथंच! ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधल्या उंचवट्याला अडकतो तो बहुतेक वेळा हाच. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर.

मग लिफ्टचा फायदा काय? गाडीचं नाक, पोट आणि शेपूट वर जाते, मोठ्या टायरला फिरायला जागा होते. बांध चढताना बंपर टेकत असेल, तर उपयोग आहे. पण पाच दारी जिम्नीला कंपनीनंच पुढून ३६ अंशांचा आणि मागून त्याहूनही मोठा कोन दिलाय. या कोनांची हद्द संपेल अशा वाटेवर तुम्ही अजून गेलायत का?

लिफ्टचे प्रकार ढोबळमानानं तीन. स्प्रिंगवर ठोकळा बसवायचा ‘स्पेसर’, हा सगळ्यात स्वस्त. नव्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्झॉर्बर, हा महाग पण नीट. आणि बॉडी व चॅसीच्या मधे ठोकळे, हा रोजच्या गाडीला नकोच. जुन्या जीपला कमानपाट्यात एक पाटा वाढवायची पद्धत होती. त्यानं उंची मिळायची, पण मागं बसणाऱ्याची कंबर जायची.

दोन इंचांपर्यंतची लिफ्ट बहुतेक गाड्या सांभाळून घेतात. त्यापुढं थारच्या पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे कोन वाकडे होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. ब्रेकचे पाइप ताणले जातात. हायवेला स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटायला लागतं. गुरुत्वमध्य वर गेल्यानं वळणावर गाडी जास्त कलते. करूळ घाटात समोरून ट्रक आला आणि अचानक स्टिअरिंग मारावं लागलं, तर ही दोन इंचं आठवतील. लिफ्ट केलीच, तर अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा त्याच दिवशी नीट करून घ्या. नाहीतर रोज रात्री समोरच्याच्या डोळ्यांत तुमचा उजेड!

आणि आज्जी? तिला आधीच पाय उचलायला त्रास होतो. फूटस्टेपचा खर्च हिशोबात धरा.

पुराच्या पाण्यात हिरो होऊ नका

२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय. दर पावसाळ्यात पाणी रस्त्यावर आलं की कुणाला तरी वाटतं, आपली तर लिफ्टेड आहे! थारची पाण्यातनं जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. पण ती संथ पाण्यात, हळू चालवताना. वाहत्या पाण्याचा हिशोबच वेगळा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना ढकलून नेऊ शकतं आणि हवेनं भरलेले मोठे टायर गाडीला तरंगायलाच मदत करतात. रस्ता बंद म्हणजे बंद.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. त्याहून जास्त धोका विम्याचा. अपघातानंतर सर्व्हेअरनं न कळवलेला बदल पाहिला, तर दाव्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं आणि कंपनीची वॉरंटीही अडकू शकते. म्हणून कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या मापातच राहणं सगळ्यात सुरक्षित. त्यापलीकडचं काहीही करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा, उत्तर लेखी घ्या.

आणखी एक. टायर मोठे झाले म्हणून सगळी पठारं आपली होत नाहीत. मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, राधानगरी अभयारण्य आहे. सड्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात फुलणारं एका फेरीत चिरडलं जातं. चाकं मळलेल्या वाटेवरच ठेवा, आणि कुणाच्या शेतातनं जायचं तर आधी विचारा.

मग क्रम काय?

पहिले सहा महिने गाडी आहे तशी चालवा. लो रेंज कधी टाकायचं, चाक कुठल्या दगडावर ठेवायचं, हे शिका. मग हवा मोजायचा गेज, छोटा कंप्रेसर, चांगला ओढपट्टा आणि त्याचे शॅकल घ्या. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की साधा टायरही पसरून पकड घेतो. मात्र डांबरावर येण्याआधी ती परत भरायचीच. मूळ टायर झिजले की त्याच मापाचे एटी. त्यानंतरही कुठं अडकत असाल, तर कुठला भाग टेकतोय ते खाली वाकून बघा आणि तेवढ्यासाठीच लिफ्टचा विचार करा.

आणि तुमची थार २०२३ पासून मिळणारी रिअर-व्हील ड्राइव्ह असेल, तर कितीही उंच केली तरी पुढची चाकं ओढणार नाहीत. तिथं पैसे टायरवरच घाला.

मित्र विचारत राहतीलच, ‘लिफ्ट कधी?’ त्यांना पुढच्या पावसात चिखलात घेऊन चला. तिथं एखादी उंच गाडी रुतली, की पट्टा बांधून ओढायला तुमचीच जाऊ दे!